राणीसाहेबांचा मुद्देमाल

तमाम वाचकांस या लेखाद्वारे अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, बुऱ्हाणपूर शहरातून एका राणीला भर दिवसा पळवून नेण्यात आले होते. राणी तरुण होती, रूपवान होती, आणि तिला भट्टीत घालून जाळण्याचा बेत ठरला होता. ज्यांचे काळीज नाजूक असेल त्यांनी हे पान उलटावे. बाकीच्यांनी एवढेच ध्यानात ठेवावे की या राणीला मिशा होत्या, ती सरकारी शाळेत चित्रकला शिकवत असे, आणि स्वतःच्या अपहरणाची फिर्याद द्यायला ती स्वतःच सायकलवरून ठाण्यावर आली होती.

हसा. मीही हसलो होतो. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, तापीच्या पुरात वाहून आलेली बेवारस प्रेतं पाहिली. ती सगळी प्रकरणं कागदावर बंद झाली आणि मनातूनही गेली. हे एक गेलं नाही. त्याची आठवण निघाली की माझा हात आजही आपसूक भुवयांकडे जातो. का, ते पुढे येईलच. नावं मात्र कुणाची सांगणार नाही. ती सवय खात्यानं लावली, ती निवृत्तीनंतरही सुटत नाही.

संस्थानं नुकतीच विलीन झाली होती. नकाशावरच्या रेघा दिल्लीत पुसल्या गेल्या, पण रेघांच्या पलीकडची माणसं आमच्या ठाण्यावर येऊन बसली. मी जुन्या मध्य प्रांताच्या पोलिसातला चोवीस वर्षांचा सब-इन्स्पेक्टर. ठाणेदारसाहेब लांब रजेवर, म्हणून ठाणं माझ्या हाती. आणि माझ्या हाताखाली आलेला हवालदार एका विलीन झालेल्या संस्थानाच्या फौजेतला. वयानं माझ्या बापाएवढा. सलाम ठोकायचा तो कमरेत वाकून, दरबारी. मी म्हणायचो, "हवालदार, सरळ उभं राहून सलाम करा." तो म्हणायचा, "सरळ उभं राहायची सवय नाही हुजूर, होईल हळूहळू."

या हवालदारामुळे माझी भर कोर्टात शोभा झाली होती. त्यानं हातभट्टीच्या बाटल्या पकडल्या आणि त्यांच्या संस्थानी रीतीप्रमाणे त्यांना सुतळी बांधून, पंचांच्या सहीची चिठ्ठी लटकवून पाठवल्या. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी बाटली हातात धरली, चिठ्ठी वाचली आणि मला विचारलं, "लाखेची मोहोर कुठे आहे? हा मुद्देमाल आहे की लग्नातला आहेर?" कोर्ट खदखदून हसलं. आरोपी सुटला. सुटला तो सुटला, जाताना मला नमस्कार करून गेला. त्या दिवशी मी शपथ घेतली, की आता माझ्या मालखान्यात उंदीर जरी शिरला तरी त्याच्या शेपटीवर लाखेची मोहोर असेल.

अशा दिवसांत एका सकाळी मास्तर ठाण्यावर आले. पन्नाशीचा माणूस, धोतर, काळी टोपी, बोटांना रंग लागलेला. मोहरिर म्हणजे आमचा लिहिणारा मुन्शी रोजनामचा उघडून बसला होता.

"काय चोरीला गेलं?" मी विचारलं.

"राणी."

"कुणाची?"

"कुणाची म्हणजे? मीच."

मोहरिराचा टाक हवेत थांबला. "साहेब," तो मला म्हणाला, "चोरीस गेलेली वस्तू समोर खुर्चीवर बसून राहिली. कसं लिहू?"

मग मास्तरांनी सांगितलं. त्या सांगण्यात हात होते, मान होती, मधेच उभं राहणं होतं. पहिलं महायुद्ध संपत आलं तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा हा पोरगा घरातून पळाला आणि मुंबईच्या एका मूकपट कंपनीत पोचला. त्या काळी बायका पडद्यावर यायला तयार नसत. नाजूक जिवणीच्या पोरांनाच लुगडं नेसवून नायिका करत. आमचे मास्तर तीन वर्षं नायिका होते. कधी राणी, कधी देवकन्या, कधी सती. पुढे खऱ्या बायका आल्या, मास्तरांना मिशा आल्या, आणि कंपनी बुडाली. भंगारात निघालेल्या फिल्मच्या डब्यांतून त्यांनी दोन डबे मागून घेतले आणि गावी परतले. ब्रश धरला, मास्तर झाले, संसार केला.

गावानं त्यांच्या या गोष्टीवर कधी विश्वास ठेवला नाही. ठेवला असता तर चिडवलं नसतं असंही नाही. शाळेतली पोरं, पानवाले, टांगेवाले, सगळे त्यांना म्हणत, "राणीसाहेब, मुजरा!" कुणी म्हणे, "मास्तर सिनेमात होते खरे, पडदा झाडायला." वीस वर्षं मास्तर ऐकत होते. आता शनवारा वेशीबाहेरच्या मैदानात टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. त्याच्या ऑपरेटरला मास्तरांनी गाठलं, आणि तो येत्या शनिवारी मध्यंतरात हे दोन डबे दाखवायला तयार झाला. मास्तरांनी स्वतः फलक रंगवून चौकात टांगला. सारं गाव येणार होतं. आणि शनिवारला चार दिवस उरले असताना डबे गेले.

"साहेब, माझ्याजवळ दुसरं काही नाही," ते म्हणाले. आता त्यांचे हात हलत नव्हते. "शनिवारी ते पडद्यावर दिसलं नाही, तर मी मरेपर्यंत खोटारडा."

एवढं स्वच्छ बोललेला फिर्यादी मी फार थोड्या वेळा पाहिला. पण तेव्हा मला त्यातलं नाटकच तेवढं दिसलं.

घटनास्थळ पाहायला गेलो. दारातच मास्तरांनी माझा हात धरला. "विडी बाहेर."

"मास्तर, पोलिसाला विडी टाकायला सांगता?"

"कलेक्टर आला तरी सांगेन. ही फिल्म नाही, दारूगोळा आहे. वीस वर्षांत या खोलीत मी काडी ओढली नाही."

मी विडी टाकली आणि मनात म्हटलं, नट तो नटच. मधल्या खोलीत पाण्याच्या माठांच्या मांडणीखाली गारव्याला लोखंडी ट्रंक होती. आत काही नव्हतं. कुलूप शाबूत. किल्ली देवाच्या फळीवर, नेहमीच्या खिळ्याला. परसात पत्र्याच्या एकढाळी छपराखाली मास्तरीणबाई चुलीवर भाकऱ्या टाकत होत्या. घरात जागा असून चूल बाहेर का, असं मी सहज विचारलं.

"ह्यांच्या राणीमुळं," भाकरी उलटवत बाई म्हणाल्या. "ती आत गारव्याला, मी बाहेर धुरात. पावसाळ्यात झड आत आली की एका हातात छत्री अन् एका हातात फुंकणी. सवतीचंही इतकं कोणी करत नाही, भाऊ."

तोडलेलं कुलूप नाही, किल्ली खिळ्याला. आज एखाद्या नव्या शिपायालाही मी सांगेन की अशा वेळी बाहेर चोर शोधू नये. पण मला तेव्हा आरोपी हवा होता तो तंबूतला. आदल्याच दिवशी ऑपरेटर डबे बघून गेला होता. उचलून आणला. दुपारभर स्टुलावर बसवला.

"साहब," तो शेवटी वैतागला, "माझ्याकडे दर आठ दिवसांनी नवी हिरोईन डब्यातून येते. ह्यांची म्हातारी हिरोईन पळवून मी काय करून राहिलो? ती तर बोलत पण नाही!"

हवालदार कोपऱ्यात उभा होता. तो हळूच म्हणाला, "हुजूर, ह्याला सोडा. ह्याच्या डोळ्यात भीती नाही, झोप आहे."

सोडला. दोन दिवस गेले. गुरुवारी सकाळी आमचा खबऱ्या, लालबाग स्टेशनवर टांगा हाकणारा एक इसम, घोड्याला पाणी पाजायच्या निमित्तानं ठाण्याच्या हौदाशी आला.

"साहब, पक्की खबर हाय. इतवाऱ्यातल्या झारेकऱ्याकडे काळ्या पट्ट्या येऊन पडल्यात. भेंडोळीच्या भेंडोळी."

इथे बाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. बुऱ्हाणपुरात सोन्याचांदीची तार ओढायचा धंदा पिढ्यान् पिढ्यांचा. तार आली की जर आली, आणि जर आली की जुनी जर जाळून चांदी काढणारा झारेकरीही आला. आजीचा शालू फाटला की घरची बाई तो झारेकऱ्याच्या भट्टीत देते, राखेतून चांदी निघते. आमच्याकडे ती रीतच आहे. आणि जुन्या फिल्मवर चांदीचा मुलामा असतो, हे कुणाला कळो न कळो, बुऱ्हाणपूरच्या झारेकऱ्याला कळलेलं असतं.

झारेकरी भट्टीपाशीच सापडला. डबे फडताळात होते. अजून जाळले नव्हते, कारण तो हुशार होता. म्हणाला, "साहेब, अशी पट्टी एकदा भट्टीत घातली होती. छपराचं पान राहिलं नाही. म्हणून ही आधी खारात भिजवून धुणार होतो. पण ती बाई म्हणाली, धुवू नका, जाळाच."

"कोण बाई?"

"पदर असा इथवर." त्यानं नाकापर्यंत हात नेला. "चांदी किती निघंल, तुमचा वाटा काय, एक शब्द नाही. मी तीस वर्षं हा धंदा करतो. बाई फाटका खण आणते तरी तराजूवरून नजर काढत नाही. ही तराजूकडे पाठ करून उभी. फक्त एवढंच विचारलं, जळायला किती वेळ लागतो म्हणून."

तिथेच मला सगळं कळलं. चोराला माल हवा असतो. इथे माल नकोसा झालेला होता.

मी एकटाच मास्तरांच्या परसात गेलो. मास्तर शाळेत होते. बाई धुणं वाळत घालत होत्या. मी काही न बोलता चुलीजवळच्या पाटावर बसलो. पोलिसाला एक विद्या लवकर येते. गप्प बसलं की समोरचं माणूस बोलतं.

"सापडले ना?" बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या.

"सापडले."

"जळाले नाहीत?"

"नाही."

त्यांनी ओलं लुगडं पिळलं, पुन्हा पिळलं. "शनिवारी रावेरकडचे पाहुणे येणार आहेत. पोरीला बघायला. अन् त्याच दिवशी ह्यांचा खेळ. सांगा भाऊ, मुलाच्या बापानं आपल्या व्याह्याला लुगड्यात बघायचं? कंबर लचकवताना? कोण देईल हो पोरगा? ह्यांना म्हटलं, पुढच्या महिन्यात दाखवा. तर म्हणतात, तंबू सोमवारी उठतो. ह्यांना तंबू दिसतो, पोर दिसत नाही."

"मग घरच्याच चुलीत का नाही घातलं? वीस वर्षं त्या चुलीनं छळलं तुम्हाला."

बाई गर्रकन वळल्या. "आपल्या चुलीत? काही झालं तरी नवराच होता तो, भाऊ."

मी त्यांचं नाव घेतलं नाही. रोजनामच्यात "अज्ञात इसम" लिहायचं ठरवलं आणि स्वतःवर खूश झालो. चोवीस वर्षांचा माणूस एक दया केली की दिवसभर आरशात बघतो. बाईंना म्हटलं, शुक्रवारी ओळख पटवायला मास्तरांबरोबर या. बाकी माझ्यावर सोडा. त्या एवढंच म्हणाल्या, "मग शनिवारी दाखवणारच म्हणा की." आणि धुणं वाळत घालायला लागल्या.

शुक्रवारी दुपारी ठाण्याच्या ओसरीवर दोन पंच, मोहरिर, हवालदार, मास्तर आणि मास्तरीणबाई. टेबलावर दोन गंजके डबे. पंचनाम्यात मालाचं वर्णन यावं म्हणून मी एका डब्याचं झाकण उघडलं, पट्टी वीतभर ओढली आणि उन्हाकडे धरली.

नखाएवढी चित्रं. एकाखाली एक. नदीकाठी एक राणी घागर बुडवते आहे. मग मान वळवते. मग हसते. मी बरेच चित्रपट पाहिले होते, पण असं हसणं पाहिलं नव्हतं. बोलता येत नाही म्हणून सगळं त्या हसण्यातच सांगितलेलं.

"ही कोण?" माझ्या तोंडून निघालं.

"मी," मास्तर म्हणाले. पन्नाशीचे, मिशावाले. ते तसेच हसले, आणि खरंच, तेच होतं ते.

बाई खांबाआड उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, ओळख पटवायची आहे, पाहा." त्या आल्या. पट्टी दोन्ही हातांनी धरली, उन्हाकडे. लग्नाला वीसहून जास्त वर्षं झाली होती, आणि मास्तरांनी ते डबे कधी उघडले नव्हते. हवा लागेल, बोटं लागतील. बाईंनी ज्या राणीसाठी धूर गिळला ती त्यांनी एकदाही पाहिलेली नव्हती. त्या पाहत राहिल्या. इतका वेळ, की मोहरिर खाकरला.

"ओळखता ना?" मी विचारलं.

बाईंनी नुसती मान हलवली. पट्टी परत देताना त्यांनी ती पदरानं पुसली. मास्तरांच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. आधी खांबाआड होत्या, हे मी पाहिलं होतं.

आता डबे त्यांना देऊन टाकले असते तर माझी ही आठवण गोड झाली असती. पण फिर्याद नोंदली होती, जप्ती झाली होती. आता मुद्देमाल मोहोरबंद करून मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचा, मग सुपुर्दनाम्यावर मालकाला परत. शनिवारी दुपारपर्यंत होण्यासारखं काम. हवालदारानं खिशातून सुतळी काढली.

"हुजूर, सुतळी अन् सहीची चिठ्ठी. झालं काम."

"पुन्हा लग्नाचा आहेर?" मी म्हटलं. "लाख आणा. मेणबत्ती आणा."

मास्तर एकदम पुढे आले. दोन्ही हात पसरून डब्यांवर ओणवे झाले. "साहेब, आग नको. मी पाया पडतो, आग नको जवळ."

पंच हसले. एक जण म्हणाला, "राणीसाहेब सती जायला घाबरल्या!"

मीही हसलो. वीस वर्षं गाव ज्या माणसाला नाटकी म्हणत आलं, त्याच्या तोंडची सरळ सूचनासुद्धा मला नाटकच वाटली. मी म्हणालो, "मास्तर, झाकणावर मोहोर करायची आहे, आत नाही. बाजूला व्हा." हवालदारानं त्यांना खांद्याला धरून बाजूला नेलं. पण मेणबत्ती धरायला तो पुढे झाला नाही. ती मीच धरली.

ओढलेली पट्टी नीट आत गेली नव्हती. गंजलं झाकण पुरतं बसत नव्हतं, फटीतून बोटभर टोक बाहेर होतं. ज्यांनी लाख वितळवली आहे त्यांना ठाऊक असेल, तिचा थेंब कधीकधी पेटलेलाच खाली पडतो. तसा एक थेंब पडला.

जाळ कसा दिसला ते सांगता येत नाही, कारण पहिल्या क्षणी माझ्या भुवया गेल्या आणि मी डोळे मिटले. आवाज आठवतो. साप फुसकारावा तसा, पण बैलाएवढा साप. पिवळा धूर. आम्ही सगळे पायरीखाली. हवालदारानं आख्खी घागर डब्यांवर रिकामी केली, तर ते पाण्यातही जळत राहिलं. दुसरा डबा पहिल्याच्या धगीनंच पेटला. मास्तर पुढे धावत होते, आणि बाईंनी त्यांचं उपरणं दोन्ही मुठींनी मागून धरलं होतं.

पंचनामा लिहायला बसलो होतो तेव्हापासून राख होईपर्यंत अर्धा तासही गेला नसेल. आणि त्या पंचनाम्यात, जो पुढे सगळ्यांच्या सह्यांनिशी पुरा झाला, मालाचं वर्णन काय होतं माहीत आहे? "काळपट रंगाच्या चिवट पट्ट्या, डबे दोन, गंजलेले." राणी नाही, नदी नाही, ते हसणं नाही. मी मोहरिराला तेवढंच सांगितलं होतं. जे पाहिलं ते सांगायचं सुचलंच नाही.

संध्याकाळी मास्तर पुन्हा आले. हातात कोरा कागद.

"साहेब, भरपाई नको. तक्रार नाही. फक्त दोन ओळी लिहून द्या. मी पाहिलं, आणि तो हाच माणूस होता, एवढं. उद्या तंबूत वाचून दाखवीन."

मी भुवयांना तूप लावून बसलो होतो. जिल्ह्याला तार गेली होती. मुद्देमाल अधिकाऱ्याच्या हातून जळाला म्हणजे खात्याची चौकशी ठरलेली. अशा वेळी अधिकाऱ्यानं एक अक्षर जास्तीचं लिहू नये, हे आम्हाला प्रशिक्षणातच शिकवतात.

"मास्तर, चौकशी आहे माझ्यावर. मला काही लिहून देता येणार नाही."

त्यांनी कागदाची घडी घातली. रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. "बरोबर आहे," म्हणाले. "नोकरी नवी आहे तुमची."

शनिवारी दिवेलागणीला तंबूवर बंदोबस्ताला मीच होतो. गाव लोटलं होतं. फलक कुणी उतरवला नव्हता. पुढच्या बाकावर रावेरचे पाहुणे, पागोटं घातलेला मुलाचा बाप मधोमध. बायकांची बाजू कनातीपलीकडे. मध्यंतर झालं, बत्त्या लागल्या, आणि मास्तर पडद्यासमोर जाऊन उभे राहिले. हात जोडले.

"मंडळी, फिल्म जळाली. अपघात झाला. खेळ होणार नाही."

आणि जो गदारोळ उठला तो उठला. "आम्हाला ठाऊकच होतं!" "राणीसाहेब, जळाली का आपसूक?" "अहो, होती कधी?" कुणी शिट्टी मारली. कुणी तोंडानं ढोलकी वाजवली. मागून एक जण ओरडला, "मास्तर, लुगडं तरी नेसून दाखवा!" मुलाच्या बापानं शेजाऱ्याला काहीतरी विचारलं, आणि शेजाऱ्यानं हसून काहीतरी सांगितलं.

मास्तरांनी नजर फिरवली आणि ती माझ्यावर थांबली. मी खांबाशी, पूर्ण गणवेशात, पट्टा चकचकीत.

"साहेबांनी पाहिलंय," ते म्हणाले. "साहेबांना विचारा."

सगळ्या माना वळल्या. एका वाक्याचं काम होतं. गणवेशातल्या माणसाचं एक वाक्य गावात कोर्टाच्या निकालासारखं चालतं. मी समोर पाहिलं, सावधान उभं असल्यासारखं, आणि म्हणालो, "प्रकरण चौकशीत आहे. मी काही सांगू शकत नाही."

त्या चौकशीत पुढे मला ताकीद मिळाली. नोकरी राहिली, बढत्या मिळाल्या. लोक मला विचारतात, पस्तीस वर्षांच्या नोकरीनं काय शिकवलं. मी चोर ओळखायला शिकलो, खोटं बोलणारा ओळखायला शिकलो. पण खोटं पकडण्याचा सराव असणाऱ्या माणसाला खरं सांगणारा समोर आला तर तो ओळखता येत नाही, हे मी त्या आठवड्यात शिकलो. आणि आणखी एक. साक्षीदार फुटला की आम्ही पोलीस त्याला शिव्या घालतो. मी पाहिलेला पहिला फुटीर साक्षीदार मीच. मला कुणी पैसे चारले नव्हते, धमकी दिली नव्हती. माझ्या अंगावर नवा गणवेश होता, एवढंच. हवालदाराची सुतळी नाकारली तेव्हा माझ्या हातून जे जळालं त्याला अपघात म्हणता येईल. खांबाशी उभा राहून जे केलं त्याला दुसरा शब्द शोधावा लागतो, आणि तो मला सापडलेला नाही असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. सापडलेला आहे.

मास्तर आता या जगात नाहीत. ते लग्न रावेरच्या त्याच घरात झालं, हे मला बदली झाल्यावर पत्रानं कळलं. पण त्या संध्याकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाईंना तर नाहीच.

तंबूत माझं वाक्य संपलं तसा हशा दुप्पट झाला. मास्तर पडद्यासमोरून उतरायला लागले. एक पायरी चुकले, सावरले. पाहुण्यांतला मुलाचा बाप उठून उभा राहिला होता. आणि तेवढ्यात बायकांच्या बाजूची कनात सर्रकन सरकली. मास्तरीणबाई. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो सावरायचंही भान नव्हतं. मुलाच्या बापासमोर, गावासमोर, माझ्या गणवेशासमोर त्या खड्या आवाजात ओरडल्या,

"मी पाहिलंय! दोन्ही डोळ्यांनी पाहिलंय! माझ्यापेक्षा देखणे होते मेले!"